विहारातला अंधुक पडदा

आषाढ पौर्णिमा, वर्ष दोन हजार बारा: नागपुरात नोकरीला असलेल्या आमच्या एका गावकऱ्याने विहाराला लॅपटॉप दान दिला. त्याच्यावर माझा कोणताही आरोप नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत: त्या लॅपटॉपच्या पडद्याची मूळ मांडणी बदलण्यात आली. जबाबदार: विहार समितीचे सचिव.

तेव्हापासून श्रावण पौर्णिमेपर्यंत: गावातले प्रतिष्ठित पुरुष एकामागून एक त्या पडद्यासमोर उभे राहिले, आणि पडद्यावर जे दिसत होते त्याविषयी एकानेही तोंड उघडले नाही. जबाबदार: समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्यासह ते सर्व वाचक.

श्रावण पौर्णिमा, संध्याकाळ: माझ्या पत्नीला भर विहारात, सर्वांच्या देखत खाली बसवण्यात आले. जबाबदार: अध्यक्ष, सचिव आणि मी.

माझी सगळी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात गेली. वादाची हकीगत सांगताना आधी तारखा, मग पक्षकार आणि त्यानंतर निवेदन, हा क्रम माझ्या हाडात मुरलेला आहे. निवृत्तीनंतरही मी गावाच्या वतीने पत्रे लिहीत आलो. रोहित्र जळाले, तलावाची पाळ फुटली, एसटीने थांबा रद्द केला, की लोक माझ्याकडे येत आणि मी संबंधितांना कलमवार जाब विचारत असे. दुसऱ्यांना जाब विचारण्याची इतकी सवय जडलेल्या माणसाला स्वतःचे नाव त्याच यादीत लिहावे लागते, तेव्हा हात किती जड होतो, हे मी इतक्या वर्षांनीही अनुभवतो आहे.

अर्जुनी मोरगावपासून जवळच आमचे गाव. वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात वंदना होते आणि मग ग्रंथाचे वाचन. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. ज्या घराची पाळी, त्या घराने खीर करायची आणि त्याच घराच्या माणसाने वाचायचे. हे दिवस नेमके रोवणीचे. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून परे, म्हणजे धानाची रोपे, लावलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरे लुगडे नेसून विहारात येतात. नखांतला चिखल तेवढा निघत नाही. त्या सतरंजीवर पुढे बसतात, पुरुष भिंतीला टेकून बसतात, आणि वाचणारा दोन तसबिरींच्या समोर ध्वनिक्षेपकाजवळ उभा राहतो.

आमच्यात वाचता येणे ही साधी गोष्ट नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने ज्या दिवशी दीक्षा घेतली त्या दिवसापासून घराघरात एकच आज्ञा होती: शिका. ज्याला वाचता येत नाही तो गरीब आहे असे कोणी म्हणत नसे. त्याने कर्तव्य चुकवले असे मानले जाई. म्हणून पाळीच्या दिवशी अडखळलेला माणूस महिनाभर खाली मान घालून हिंडे. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कोणालाही खरे वाटणार नाही.

माझी पत्नी शाळेत गेली नव्हती. धाकट्या मुलीचे लग्न झाल्यावर ती साक्षरतेच्या वर्गात जाऊ लागली. मी त्या काळात तिला हसत नव्हतो, पण मदतही करत नव्हतो. ती आपली आपण शिकली. अर्जुनीच्या बसस्टँडवर ती गाडीची पाटी मोठ्याने वाचायची आणि आजूबाजूचे लोक वळून पाहायचे. तिची वाचण्याची एक रीत होती: अक्षराखाली बोट ठेवायची, आणि बोट ज्या शब्दापर्यंत पोचले नाही तो शब्द तोंडातून काढायची नाही. वाक्य कसे संपणार हे माहीत असले, तरी नाही.

त्या वर्षी परे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या, दिवसांतच तिने मला सांगून ठेवले.

“यंदा आपली पाळी आली का मी वाचीन जी.”

“वाच की.”

“तुमी मदात बोलू नोका. अडकली त अडकली. माही मी निघन.”

तिने घरच्या प्रतीतून पाळीचे प्रकरण काढून घेतले आणि चुलीवर भात रटरटत असताना, बोट फिरवत, रोज वाचले. शेजारच्या दोन बाया, ज्या तिच्याबरोबर वर्गाला जात, त्या ऐकायला येऊन बसत. “तू वाचली का मंग पुढच्या साली आमी,” असे त्यांचे ठरले होते. एक सांगायची, “माह्या घरचा त म्हणते, तू वाचशीन त मी खीर रांधीन.” त्यावर तिघी इतक्या हसत की भात उतू जाई.

दरम्यान विहारात लॅपटॉप आला होता. विहाराची छापील प्रत जीर्ण झाली होती, टाइप बारीक होता, म्हणून दात्याने सगळा ग्रंथ त्यात घालून दिला होता. समितीने ठराव केला की यंदा वाचन लॅपटॉपवरूनच होईल. ठरावाला कोणाचा विरोध नव्हता. माझाही नव्हता. मुलीने दिलेला लॅपटॉप मी घरी वापरत होतो. मला उलट अभिमान वाटला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली. खिरीचे गंज झाकून ठेवले होते. अध्यक्षांनी आमच्या घराचे नाव पुकारले आणि मी उठणार या अपेक्षेने सगळे माझ्याकडे पाहू लागले. उठली ती. पुरुषांच्या बाजूने हलकी कुजबुज झाली, बायांच्या बाजूने एक-दोन टाळ्या. ती ध्वनिक्षेपकाजवळ गेली, चष्मा लावला आणि पडद्याकडे पाहत राहिली.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. तिने चष्मा काढून पदराला पुसला. परत लावला. मग सवयीने बोट उचलून पडद्यावर ठेवले.

“ओ बाई, बोट नोको लावू, डाग पडन,” मागून कोणीतरी बोलले आणि पोरे हसली.

तिने बोट काढून घेतले. पहिला शब्द उच्चारला, दुसऱ्याशी थांबली. पुन्हा पहिला. ध्वनिक्षेपकातून तिचा श्वास साऱ्या विहारभर ऐकू येत होता.

अध्यक्ष वाईट बोलले नाहीत, हे मला नमूद केले पाहिजे. ते अगदी मायेने म्हणाले, “राहू दे बाई. एवढी उभी राहिली हेच लय झालं. बस. बाबूजी, तुमी या.”

मी गेलो. तिच्या जागी उभा राहिलो आणि पडद्याकडे पाहिले. कार्यालयात आम्ही एका कागदाखाली चार-चार कार्बन घालून टंकलेखन करत असू. सगळ्यात खालची प्रत जशी उमटे तशी ती अक्षरे होती. मोठी, पण फुगलेली. अनुस्वार उडालेला, वेलांटी शिरोरेषेत बुडालेली, जोडाक्षरांचे नुसते डाग. माझ्या मनात त्या क्षणी एकच विचार आला, आणि तो तिच्याविषयी नव्हता. मला वाटले, माझे डोळे गेले. गावाची पत्रे लिहिणाऱ्या माणसाचे डोळे गेले, आणि ते आता सगळ्यांना कळणार.

वर्षानुवर्षे वाचून-ऐकून ते प्रकरण मला तोंडपाठ होते. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पडद्यावर नजर खिळवून, योग्य जागी थांबत, एकही शब्द न चुकता, शेवटपर्यंत. कळ दाबून पानेसुद्धा उलटली. संपल्यावर ‘साधु, साधु, साधु’ असा साधुकार झाला. मी परत येऊन बसलो तेव्हा ती खिरीच्या गंजाजवळ होती आणि द्रोण मोजत होती.

घरी आल्यावर तिने एकदाच विचारले.

“अक्षरं पुसट होती ना जी?”

“मला तर नीट दिसली,” मी म्हणालो.

तिने चष्मा त्याच्या डबीत घालून ठेवला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला. मी शपथेवर सांगतो, की माझ्या सगळ्या नोकरीत मी अनेकांच्या खोट्या साक्षी नोंदवल्या, पण त्या वाक्याइतकी सहज दिलेली खोटी साक्ष मी ऐकली नाही.

गावात बोलणे व्हायचे ते झाले. तळ्यावर, दळणाच्या चक्कीवर, रोवणीच्या बांधीत. “शिकली म्हणते, पण तसं लागत नाई.” “बाबूजीनं कसं सरसर वाचलं, आन तिले एक ओळ नाई.” माझे वाचन हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला होता. त्या दोन शेजारणींनी संध्याकाळी यायचे सोडले. एकीने तर तोंडावर सांगितले, “तुले एवढं शिकून नाई जमलं, त आमाले काय जमन बाई?” विहारात पत्नी आता मागच्या भिंतीशी बसू लागली.

पोळा झाल्यानंतरची गोष्ट. दुपारी मी घरच्या लॅपटॉपवर वीज कार्यालयाला पत्र लिहीत होतो. पत्नी सुपात तांदूळ घेऊन मागून चालली होती. ती थांबली, आणि माझ्या खांद्यावरून, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून वाचू लागली.

“सबब... सदर... बेपर्वाईबद्दल... आपणांस... व्यक्तिशः... येवढं कायले रागावता जी त्या इंजिनियरवर? त्याच्या घरी लेकरं असतीन ना.”

मी वळून तिच्याकडे पाहिले. ‘व्यक्तिशः’ हा शब्द तिने बोट न लावता वाचला होता. आणि मीही तो शब्द स्वच्छ पाहत होतो, विहारात घातला होता तोच चष्मा घालून. म्हणजे डोळे दोघांचेही शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडे विहाराचा लॅपटॉप एका दुपारपुरता मागितला. अर्ज लिहून नेला होता. ते कोहमाऱ्याला जायच्या घाईत होते. अर्ज न वाचताच हसले. “अर्ज कायले बाबूजी? घेऊन जा ना. संध्याकाळपावतर आणून द्या म्हणजे झालं.”

मी दोन्ही यंत्रे खाटेवर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकच पान उघडले. वादाचा निकाल तिथेच लागला. एकीकडे अक्षर कोरलेले, दुसरीकडे पाण्यात पडलेले. मग मी शोध सुरू केला. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माउसची उजवी कळ दाबली की एक यादी उघडते. तीत पडद्याच्या मांडणीची एक ओळ असते. ती उघडली. तिथे रिझोल्यूशनचे आकडे उतरत्या क्रमाने होते. घरच्या यंत्रावर सर्वांत वरचा आकडा निवडलेला होता आणि त्याच्यापुढे लिहिले होते: शिफारस केलेला. विहाराच्या यंत्रावर सर्वांत खालचा निवडलेला होता.

आता मला हे समजले आहे ते असे. पडद्यावर ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. त्याला कमी ठिपक्यांचे चित्र दाखवायला सांगितले, तर तो ते ताणून साऱ्या पडद्यावर पसरवतो. अक्षर मोठे होते खरे, पण एका ठिपक्याचा रंग शेजारच्या ठिपक्यावर सांडतो. ज्याला अक्षर मोठे हवे त्याने ठिपक्यांना हात लावायचा नसतो. त्यासाठी त्याच पानावर खाली दुसरी सोय आहे, अक्षरे शंभराऐवजी सव्वाशे किंवा दीडशे टक्के करण्याची. शिफारस ही आज्ञा नसते, हे मला न्यायालयात असताना चांगले ठाऊक झाले होते; पण ती डावलणाऱ्याने कारण नोंदवावे, एवढी तरी अपेक्षा असते.

मी वरचा आकडा निवडला. अक्षरे एकदम मुंगीएवढी झाली, पण धारदार. मग दीडशे टक्के केले. यंत्राने एकदा बाहेर पडून परत यायला सांगितले, ते केले. शेवटी अक्षरांच्या कडा स्वच्छ करण्याची एक सोय सापडली. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरसारखे शेजारी शेजारी चौकटी दाखवून विचारतात, की यातली कोणती स्पष्ट? मी पत्नीला हाक मारली.

“हे माहं काम नाई जी,” ती दारातून म्हणाली.

“तुझंच आहे. चष्मा घेऊन ये.”

ती आली. चौकटींकडे बारकाईने पाहू लागली. “ही. नाई, थांबा. ही. यातली त एक बी नाई चांगली... बरं, ही.” तिने निवडत जावे आणि मी कळ दाबत जावी, असे सगळे पूर्ण झाले. मग मी पाळीचे प्रकरण उघडले आणि यंत्र तिच्यासमोर सरकवले.

तिने बोट ठेवले. वाचू लागली. घरच्या प्रतीतून वाचायची तशीच, सावकाश, एक शब्दही न गाळता. पहिले पान संपले तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे पाहिले.

“हे त्या दिवशी असं नव्हतं.”

“नव्हतं.”

“तुमाले दिसत होतं म्हणले तुमी.”

मी सांगितले, की मलाही एक ओळ दिसत नव्हती.

“मंग तुमी वाचलं काय?”

“पाठ होतं.”

तिने बोट पडद्यावरून काढून मांडीवर ठेवले. “आन मी खाली बसून तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली होती, का याईले कसं दिसते, मलेच काऊन नाई दिसत.” मग अजिबात आवाज न चढवता ती म्हणाली, “तुमी कोर्टात होते ना जी? तिथं साक्ष अशीच देतेत का?”



संध्याकाळी मी यंत्र परत केले. सचिवांना रिझोल्यूशनचे सांगितले तेव्हा ते चकित झाले. “मीच केलं ना जी ते! म्हाताऱ्या माणसाईले अक्षर मोठं दिसावं म्हणून केलं.” त्यांचा हेतू शुद्ध होता आणि मी तो मान्य केला. मग मी विचारले, की त्यांच्या स्वतःच्या पाळीला त्यांना ते दिसले होते का. ते डोके खाजवू लागले. “मले वाटलं माहा नंबर वाढला. तसं आपल्याले पाठच असते ना बाबूजी.”

मी एकेका वाचकाला गाठले. निवृत्त गुरुजी म्हणाले, की ट्यूबलाइटची चमक पडते असे त्यांना वाटले. एक माजी सरपंच खो खो हसले: “मी त मदातले दोन पानं गाळूनच टाकलो, कोणाले समजलं बी नाई!” म्हणजे दीड महिना आमचा विहार अक्षरांवर नव्हे, पाठांतरावर चालला होता. प्रत्येकाने पडदा पाहिला, प्रत्येकाला वाटले आपलेच काही बिघडले, आणि निरक्षर म्हणवून घेण्याच्या भयाने प्रत्येकाने वाचल्याचे सोंग केले. सोंग न करणारी एकच व्यक्ती त्या पडद्यासमोर उभी राहिली होती, आणि तिलाच वाचता येत नाही असा निवाडा झाला.

मी जे करायला हवे होते ते पुढच्या रविवारी केले. वाचन संपल्यावर उठून ध्वनिक्षेपकाजवळ गेलो आणि म्हणालो, की श्रावण पौर्णिमेला मला पडद्यावरची एकही ओळ दिसली नव्हती. मी जे वाचले ते स्मरणातून होते. दोष यंत्राच्या मांडणीत होता, माझ्या पत्नीत नव्हता. आणि मग बायांच्या बाजूने एक म्हातारी प्रेमाने उद्गारली, “पाहा वो, बायकोची लाज झाकाले बाबूजी स्वतःवर घेऊन राहिले!” सगळे हसले. चांगले हसू होते ते. काहींनी मान डोलावली, की नवरा असावा तर असा.

मी खरे बोललो, आणि ते नवऱ्याने मायेपोटी सांगितलेले असत्य म्हणून स्वीकारले गेले. बाहेर पडताना पत्नीने एवढेच म्हटले, “आता पुरे करा. तुमच्या बोलण्यानं मी अजून खाली गेली.”

पतीची साक्ष पत्नीच्या बाजूने असली की तिला त्रयस्थाची पुष्टी लागते, हे मी एरवी पक्षकारांना समजावून सांगत असे. म्हणून मी अध्यक्षांकडे गेलो. मांडणी बदलल्यानंतरची पहिली पाळी त्यांची होती, त्या पडद्यासमोर सर्वांत आधी तेच उभे राहिले होते, आणि त्यांच्या शब्दाला गावात हसणारा कोणी नाही. मी मागणी ठेवली, की विहारात उभे राहून त्यांनी काय दिसले तेवढे सांगावे आणि पत्नीला याच वर्षावासात एक संध्याकाळ द्यावी.

“दुरुस्त झालं ना आता?” ते म्हणाले. “मंग कायले उकरता जी? पाळ्या साऱ्या लागून गेल्या आहेत. पुढच्या साली वाचन बाई.”

“पुढच्या वर्षी ती उठणार नाही.”

“त मी काय तिचा हात धरून उठवू?” मग खालच्या आवाजात, “बाबूजी, मी उठून सांगू का मले बी दिसत नव्हतं? मंग लोक म्हणतीन, अध्यक्ष बी ढोंगी. समितीचं नाव जाईन. तुमचं काय, तुमाले त लोक दिलदार म्हणून राहिले.”

मी त्यांना पत्र दिले. पुढच्या वर्षावासापूर्वी दुसरे दिले, नंतर तिसरे. एकाचेही उत्तर आले नाही. पत्नी पुढच्या वर्षी उठली नाही, त्यापुढच्या वर्षीही नाही. आमच्या घराची पाळी येते, ती खीर करते, आणि वाचायला मी जातो, कारण घराचे नाव पुकारल्यावर कोणीतरी जावे लागते. पडदा आता स्वच्छ आहे. प्रत्येक ओळ दिसते. मी वाचत असताना मागच्या भिंतीशी बसलेली ती मान वर करत नाही, आणि मला आजवर त्या पानांतला एकही शब्द लाज वाटल्याशिवाय उच्चारता आलेला नाही. त्या दोन शेजारणींपैकी एक वारली. ती अक्षर विसरून गेली होती आणि कागदावर अंगठा देत होती.

अध्यक्ष महोदय, माझ्या पत्रांवर आपण घरी बसून मौन राहिलात, म्हणून हा प्रश्न मी आता सर्वांसमोर विचारतो. यंत्र कोणी बिघडवले हे मी विचारत नाही. आपण माफी मागावी, असेही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मी गमावला आहे. आपल्या पाळीच्या संध्याकाळी आपण त्या पडद्यासमोर उभे होतात आणि आपण ग्रंथ वाचलात असे साऱ्या गावाने मानले. त्या पडद्यावरचे अक्षर आपल्याला दिसत होते काय? याचे उत्तर पत्राने नको, माझ्या कानातही नको. विहारात, ध्वनिक्षेपकावर, सतरंजीवर बसलेल्या बायांकडे तोंड करून द्या, आणि माझी पत्नी तिथे हजर असताना द्या. होय किंवा नाही.